मोहल्ला समिती

दंगल पेटण्याआधीच तिला अटकाव करण्यासाठी पोलीस आणि वस्तीतील रहिवासी यांनी मिळून चालवलेली कायमस्वरूपी समिती. महाराष्ट्रात या कल्पनेचा सर्वांत ठोस प्रयोग ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत झाला.

यंत्रमागांच्या या शहरात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा भडका उडाला व त्याची झळ मुंबईपर्यंत पोचली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत सुमारे सत्तर समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू व मुस्लिम सभासद बरोबरीने घेतले. नावाजलेल्या पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना बसवले, हे या रचनेचे मर्म. बैठकीत दंगलीचा विषय क्वचितच निघे. किरकोळ भांडणे आणि शेजाऱ्यांच्या कुरबुरी मिटवता मिटवता माणसे एकमेकांना आणि पोलिसाला नावाने ओळखू लागत. दगड उचलणारा बहुधा विशीतला असतो, आणि समोर ओळखीचा काका उभा असला की त्याचा हात थबकतो. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी या अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही या प्रयोगाची दखल घेतली.

मुंबईत १९९४ पासून मुंबईचे पोलीस आयुक्तपद भूषवलेले ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे प्रभृतींनी मोहल्ला कमिटी चळवळ चालवली. वस्त्यांतील पोरे आणि पोलीस यांना एकत्र आणणारे तिचे क्रिकेट सामने विशेष उल्लेखनीय आहेत.

जुलै २००६ मध्ये मात्र पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीतच जमाव व पोलीस भिडले, आणि त्यात दोन पोलीस शिपायांचाही बळी गेला. एका अधिकाऱ्याच्या जिद्दीवर उभी राहिलेली व्यवस्था तो गेल्यावर आपोआप टिकत नाही, हेच यातून दिसते.

भिवंडीबाहेर, विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यातही मोहल्ला समितीच्या जवळ जाणाऱ्या दोन व्यवस्था आहेत. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत ग्रामसभेने नेमलेली समिती गावातले तंटे सामोपचाराने मिटवते. पण तिचा पल्ला गावापुरता. पुसद, उमरखेड, दिग्रस यांसारख्या शहरांत सणांच्या तोंडावर पोलीस शांतता समितीची बैठक बोलावतात. ती सहसा प्रतिष्ठितांची असते, आणि मिरवणूक पार पडली की पुढच्या सणापर्यंत थंडावते. सण नसतानाही दरमहा बसणे आणि विशीतल्या मुलांना सभासद करून घेणे, या दोन गोष्टी या शहरांनी भिवंडीचा धडा घेऊन आजच सुरू कराव्यात.