सुटीत जिंजी पाहा, तंजावर पाहा

इतिहासाच्या तासाला गुरुजी सांगतात, "मग राजाराम महाराज जिंजीस गेले." मुले वहीत उतरून घेतात आणि धडा पुढे सरकतो. पण जिंजी कुठे, किती लांब, आणि महाराज नेमके तिथेच का गेले? हे एका वाक्यात मावत नाही. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, आणि शेतीच्या कामातून चार दिवस सवड काढू शकणाऱ्या मंडळींनो, माझे सांगणे असे की, एखाद्या नाताळच्या सुटीत तमिळनाडूची वाट धरा.

विलुप्पुरम जिल्ह्यात जिंजीचा किल्ला आहे. किल्ला कसला, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन डोंगरांना तटाने एकत्र बांधले आहे. प्रचंड धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसतात. राजगिरीच्या माथ्याजवळ खडक तुटलेला आहे. पूल ओलांडल्याशिवाय वर जाता येत नाही. तिथे उभे राहिले की मनातला प्रश्न आपोआप सुटतो.

१६७७ साली शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. त्याचे मोल बारा वर्षांनी कळले. १६८९ साली संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला. राजाराम महाराज वेष पालटून शेकडो मैल दूर इथे आले. १६९० पासून मोगलांचा वेढा पडला, तो १६९८ पर्यंत रेंगाळला. जिंजी अखेर गेली खरी. पण त्याआधीच महाराज निसटून स्वदेशी परतले होते. स्वराज्याचा दिवा विझायला आला असता या परमुलखाने त्याला आडोसा दिला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा हा.

विलुप्पुरमहून आगगाडीने तंजावरला जा. वाटेत कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती डोळे निववते. हा गाळाचा सपाट मुलूख. इथे दगड मिळत नाही. तरी राजराज चोळाने बाहेरून दगड आणवून १०१० च्या सुमारास बृहदीश्वराचे देऊळ उभे केले. त्याचे शिखर दोनशे फुटांहून उंच आहे. आपल्याकडे काळा पाषाण पायाखाली असतो; म्हणून तर हे काम पाहून आपण अधिकच थक्क होतो.

आणि याच देवळाच्या आवारात भिंतीवर चक्क मराठी अक्षरे भेटतात! शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे घराणे इथे १८५५ पर्यंत नांदले. त्यांतल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाची हकीकत इथे कोरवून घेतली. त्यांनीच वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, संस्कृत, तेलुगू पोथ्यांशेजारी मराठी पोथ्या आणि मोडी कागद जपले आहेत.

तेव्हा गुरुजी, एकदा जाऊन याच. परत आल्यावर वाक्य तेच सांगाल, पण मुले वही बाजूला ठेवून ऐकतील.