ऑरेंज गेटच्या आत

आमच्या घरात मुंबईचा नकाशा गेटांच्या रंगांवर चालायचा. ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, येलो गेट, ऑरेंज गेट. आजोबा कुठे कामाला होते असं विचारलं, तर कंपनीचं नाव किंवा हुद्दा कुणी सांगत नसे. "येलो गेटच्या आत," एवढंच उत्तर यायचं आणि ऐकणाऱ्याला तेवढं पुरायचं. गेटच्या आत म्हणजे गोदीत. गोदीत म्हणजे बीपीटीत, बॉम्बे पोर्ट ट्रस्टात. बाहेरच्या माणसाला तिथलं फारसं काही दिसत नसे. दिसायची ती लांबच लांब भिंत आणि भिंतीवरून डोकावणारे क्रेनचे हात.

आजोबा वेंगुर्ल्याहून बोटीने आले, दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास. भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गाववाल्याच्या मागोमाग शिवडीच्या बीडीडी चाळीत, दहा-बारा गड्यांच्या खोलीत येऊन पडले. पहिले काही महिने रोज सकाळी गेटबाहेर उभं राहायचं, टोळीवाल्याने बोट दाखवलं तर काम, नाही तर चाळीत परत. पुढे बिल्ला मिळाला. पितळी, गोल, नंबर कोरलेला. "बिल्लो नाय तर मानूस नाय," असं आजोबा म्हणत. तो बिल्ला मी लहानपणी हातात घेऊन पाहिला आहे. वरचा आकडा अंगठ्याने घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता की तो वाचण्यापेक्षा चाचपूनच लवकर कळायचा. धक्क्यावर धान्याची बोट लागली की आजोबांची टोळी आत जायची. बिल्ला नसलेला सख्खा भाऊ आला तरी तो गेटबाहेरच थांबायचा.

ही भिंत आणि ही गेटं आली कुठून, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. 1873 मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि मुंबईचा पूर्व किनारा हळूहळू एका मालकाच्या हातात गेला. 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक, 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक. त्याच काळात माझगाव ते शिवडी समुद्रात भराव पडला आणि शहराला नवी जमीन मिळाली. पण ती शहराला मिळाली असं म्हणणंही तसं खरं नाही. ती पोर्टाला मिळाली. गिरगाव-परळसारखे तिथे वाडे, वाड्या, घरमालक, भाऊबंदकी, कोर्टकज्जे असं काही उगवलं नाही. सातबारा एकच, मालक एकच. ही गोष्ट लक्षात ठेवायची. पुढचा सगळा मामला तिच्यावरच उभा आहे.

त्या जमिनीवर वस्ती होती ती मालाची. दाणा बंदर, कोळसा बंदर, लाकडी बंदर, गवत बंदर. दारूखान्यात एके काळी तोफांची दारू, मग भंगारात निघालेल्या बोटी. कॉटन ग्रीनला कापसाची गोदामं, ओळीने, एकसारख्या छपरांची. या सगळ्याला बांधून ठेवणारी पोर्टाची स्वतःची रेल्वे होती, 1915 मध्ये सुरू झालेली, बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत. आमचे थोरले काका त्या रेल्वेत शंटर होते. त्यांच्या गोष्टींत माणसं कमी आणि डबे जास्त. कुठला डबा कुठल्या सायडिंगला घातला, कुठल्या फाटकाशी हातगाड्यांचा खोळंबा झाला, पावसात रूळ कुठे बुडायचे. काका सांगत की वडाळ्याहून निघालेला डबा येलो गेटला पोचेपर्यंत किती वेळा थांबेल, हे देवालासुद्धा सांगता यायचं नाही.

आजीच्या गोष्टी मात्र एका दिवसापाशी येऊन थांबायच्या. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकात उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या बोटीत स्फोटकं होती, सोन्याच्या विटा होत्या आणि वाटेत कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. दारूगोळा आणि कापूस एका बोटीत भरणारा शहाणा कोण, असं आजोबा शेवटपर्यंत विचारत राहिले. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शिवडीपर्यंत चाळीची तावदानं थडथडली. जपानने बॉम्ब टाकले अशी बोंब उठली आणि लोक वळकट्या बांधून बोरीबंदराकडे धावत सुटले. आजोबांची त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून आमचा वंश पुढे चालला. आकाशातून जळत्या गासड्या पडत होत्या, हे आजीने पाहिलेलं. सोन्याची वीट कुणाच्या तरी घरात जाऊन पडली, ही गोष्टही खरीच आहे. मात्र आमच्या चाळीत जेवढ्यांनी ती सांगितली, त्या प्रत्येकाच्या गोष्टीत सोनं दुसऱ्यालाच सापडलेलं असायचं.

स्फोटानंतर गोदी पुन्हा बांधली गेली. 1948 मध्ये गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा आला, टोळीवाल्याच्या बोटाची सत्ता ओसरू लागली. भिंतीबाहेरच्या फ्रियर रोडला पुढे गोदी कामगारांचे पुढारी पी. डि'मेलो यांचं नाव मिळालं. आजोबांना याचा केवढा अभिमान होता! लाटसाहेबाचं नाव पुसून युनियनवाल्याचं लागलं, असे रस्ते मुंबईत किती असतील? मग कंटेनर आले. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि माल खाडीपलीकडे गेला. बोटी कमी, टोळ्या कमी, सायडिंगमध्ये गवत. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या यार्डात डब्यांपेक्षा बकऱ्या जास्त होत्या, असं तेच सांगत. भिंत आणि गेटं मात्र जागच्या जागी.

याच मोकळ्या पडत चाललेल्या पट्ट्यावरून आज ईस्टर्न फ्रीवे जातो. त्याची कल्पना मात्र गोदी ऐन भरात होती तेव्हाची. 1962 च्या सुमारास विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीची पाहणी केली आणि बेटाच्या दोन्ही कडांनी दोन मोकळे महामार्ग सुचवले. पश्चिमेकडच्या रेषेतून पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि कोस्टल रोड निघाले. पूर्वेकडची रेषा पन्नास वर्षं कागदावर होती.

असा रस्ता म्हणजे काय, हे समजून घ्यायला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स रिव्हर पार्कवेकडे बघावं. ब्रॉंक्स नदीचं गटार झालं होतं. ती साफ करायची म्हणून 1907 मध्ये एक आयोग नेमला गेला. त्याने नदीकाठची जमीन विकत घेतली, बाग केली आणि बागेतून मोटारींचा वळणावळणाचा रस्ता काढला. 1925 मध्ये तो पुरा झाला. बहुतेक आडवे रस्ते पुलांवरून नेले, चौक मोजकेच ठेवले. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागेचीच जमीन असल्यामुळे शेजारच्या कुणालाही आपल्या घराचं फाटक रस्त्यावर उघडता आलं नाही. मोटार सुसाट जाते ती नुसत्या डांबरामुळे नाही. कडेने कुणी आत घुसू शकत नाही, म्हणून ती जाते. त्यासाठी लागते ती एकाच मालकाची सलग लांब पट्टी. न्यूयॉर्कला ती बागेने दिली. मुंबईत बाग कुठली असायला? इथे ती गोदीने दिली. गिरगावातून किंवा लालबागेतून असा रस्ता काढायचा म्हटला असता तर दर दहा पावलांवर एक मालक, चार भाडेकरू आणि एक देऊळ आडवं आलं असतं.

फ्रीवेची सगळी लांबी 16.8 किलोमीटर. तिचे तीन तुकडे. ऑरेंज गेटपासून आणिकपर्यंत साधारण सव्वानऊ किलोमीटरचा उन्नत रस्ता. मग आणिकपासून चेंबूरच्या पांजरापोळापर्यंत जमिनीवरचा जोडरस्ता, त्यात ट्रॉम्बेच्या डोंगरातून काढलेले जोडबोगदे. शेवटी पांजरापोळापासून घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंतचा उड्डाणपूल. पांजरापोळापर्यंतचा भाग 13 जून 2013 ला खुला झाला, उरलेला पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने केलं. नाव विलासराव देशमुखांचं दिलेलं आहे, पण टॅक्सीवाल्याला 'फ्रीवे' म्हटल्याशिवाय कळत नाही.

बांधकामाची गंमत जमिनीखाली आहे. वर भराव, त्याखाली खाडीचा चिखल आणि त्याच्याही खाली खडक. खांब भरावावर उभा करून भागत नाही; त्याचे पाय चिखलातून खडकापर्यंत न्यावे लागतात. आजोबांच्या पिढीने ज्या जमिनीवर गासड्या रचल्या, ती मुळात समुद्राची होती, हे या खांबांना जितकं कळलं असेल तितकं आम्हाला कधी कळलं नाही. वरच्या रस्त्याचे तुकडे आधीच ओतून आणायचे, उंच लाँचरने उचलून एकाला एक जोडायचे. खाली रस्ता, रूळ, ट्रक, सगळं चालू असताना हे करायचं, म्हणून ही पद्धत. दोन येणाऱ्या आणि दोन जाणाऱ्या मार्गिका, मध्ये दुभाजक, सिग्नल नाही, चौक नाही, चढा-उतरायच्या जागा मोजक्या. प्रत्येक नवा चढ म्हणजे वेगात आलेल्या गाड्यांमध्ये वेग नसलेल्या गाड्या घुसणार आणि दोघांचाही खोळंबा होणार. म्हणून इंजिनिअर रॅम्प देताना हात आखडता घेतो. खालच्या रस्त्यांवर ज्या अंतराला तास-दीड तास जायचा, ते वरून पंचवीसेक मिनिटांत संपू लागलं.

रस्ता झाल्यावर थोरल्या काकांना मी टॅक्सीतून त्यावरून नेलं. ऐंशीच्या घरातले, नजर शाबूत. ऑरेंज गेटचा चढ चढताच ते खिडकीला चिकटले. आयुष्यभर ज्या शेडी त्यांनी रुळाच्या पातळीवरून पाहिल्या, त्यांची छपरं आता पायाखाली होती. लाल गंजलेले पत्रे, मधूनच निळी प्लास्टिकं, एका छपरावर वाढलेला पिंपळ. काकांनी बोट काचेवर टेकवलं आणि सांगायला सुरुवात केली. "ही रे रोडची लाइन. तो दारूखाना, तिकडे मोठा कट होता..." वाक्य संपायच्या आत दारूखाना मागे गेला. "कॉटन ग्रीन आलं का?" "गेलं, काका." "गेलं कसं? आत्ता तर..." शिवडीशी ते ड्रायव्हरला म्हणाले, जरा बाजूला घे, आमची चाळ दिसते का बघू. ड्रायव्हर आरशातून हसला. "काका, इथे गाडी थांबवत नाय. कॅमेरा आहे." काका मग गप्प बसले. बोगदा आल्यावर एवढंच म्हणाले, "आमच्या वेळी डबा कुठे थांबेल सांगता यायचं नाही. आता थांबव म्हटलं तरी थांबत नाही."

यात तक्रारीचा सूर होता, पण मला तो दुःखाचा वाटला नाही. मानखुर्दहून रोज फोर्टात जाणाऱ्या माणसाचे तास वाचले, हे त्यांनाही पटत होतं. माझं लक्ष वेधलं ते चढावरच्या फलकाने. दुचाकी, रिक्षा, पादचारी, अवजड मालवाहू गाड्या, सगळ्यांना मनाई. सुरक्षेची कारणं उघड आहेत, वेगाच्या रस्त्यावर ती योग्यही आहेत. पण जरा खाली बघा. हा सारा पट्टा उभा राहिला तो मालासाठी, हातगाडी ओढणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घामावर. आणि वरच्या रस्त्याला माल चालत नाही. 2024 च्या जानेवारीत शिवडीहून खाडीपलीकडे जाणारा अटल सेतू सुरू झाला. त्यावरून मुंबईत येणाऱ्या अवजड गाड्यांना फ्रीवेवर चढू देत नाहीत, 'गाडी अड्डा' या ठिकाणाजवळ पोर्टाच्या रस्त्यावर उतरवतात. फ्रीवेखाली राहणाऱ्या बहुतेकांकडे फार तर एक स्कूटर. म्हणजे त्यांच्या डोक्यावरून जाणारा रस्ता त्यांच्यासाठी अजून गेटबाहेरचाच. फरक एवढाच की तेव्हा बिल्ला लागायचा, आता चार चाकं लागतात.

म्हणून फ्रीवेने गोदीची भिंत फोडली, असं जे कौतुकाने म्हटलं जातं ते मला पटत नाही. त्याने ती भिंत पन्नास फुटांवर उचलून ठेवली. बंदिस्त जमीन होती म्हणून बंदिस्त रस्ता झाला. एकाचा वारसा दुसऱ्याकडे गेला. शिवडीची आमची चाळ याची उलटी बाजू दाखवते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाला हात लागला, पण शिवडीच्या चाळी पोर्टाच्या जमिनीवर असल्यामुळे मागे पडल्या. एकाच मालकाची जमीन रस्त्याला सोयीची ठरली आणि राहणाऱ्यांना अडचणीची.

आता ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत भुयारी रस्त्याचं काम सुरू आहे. पूर्व किनाऱ्याच्या पोर्टजमिनीचं पुढे काय करायचं, यावर आराखडे निघत आहेत आणि निघत राहतील. त्या जमिनीवर बागा याव्यात, घरं यावीत, धक्के लोकांना खुले व्हावेत, हे सगळे बोलतात. बोलोत बापडे. मी त्या आराखड्यात एकच गोष्ट शोधतो: चढायच्या-उतरायच्या जागा कुठे आहेत आणि पायी येणाऱ्याला त्या सापडतात का. आजोबांनी मुंबई गेटांवरून ओळखली. त्यांच्या पणतवंडांनाही ती तशीच ओळखावी लागणार असेल, तर निदान आत कुणी जायचं हे ठरवताना शिवडीला विचारलं जावं.