मागची पाच वर्षं

पार्ल्याच्या घरी माळा आवरताना आजोबांची विम्याची जुनी पॉलिसी सापडली. कंपनी खाजगी, नाव आज कुणाला आठवणार नाही. पण १९५६ नंतरच्या पावत्या एलआयसीच्या.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतल्याचं रेडिओवरून जाहीर केलं. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, एकूण २४५. आदल्या महिन्यात फिरोझ गांधींनी लोकसभेत या धंद्यातले गैरव्यवहार मांडले होते. ‘भारत इन्शुरन्स’चे अध्यक्ष रामकृष्ण दालमिया यांनी कंपनीचे सुमारे २ कोटी २० लाख शेअरच्या सट्ट्यात घालवले होते. पैसा फिरला मुंबईतल्या बँकखात्यांतून. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्यांना दोषी ठरवणं कायम केलं.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पण माणूस तुरुंगात गेला म्हणून गेलेला पैसा परत येत नाही. त्याची सोय महामंडळाच्या कायद्यातल्या १५व्या कलमात आहे. ताब्यात घेण्याआधीच्या पाच वर्षांत कंपनीने फुकट पैसे दिले असतील, मालमत्ता कवडीमोलाने विकली असेल किंवा अवाच्या सवा भावाने घेतली असेल, आणि धंद्याला त्याची गरज नसेल, तर महामंडळाने खास न्यायाधिकरणाकडे जावं. मग कोण किती जबाबदार आणि कुणाचा किती फायदा झाला, हे पाहून वसुली व्हावी.

अशाच एका दाव्यात एक कंपनी लिक्विडेशनमध्ये निघाली. त्या वेळच्या कंपनी कायद्याप्रमाणे अशा कंपनीवर दावा चालवायचा तर कोर्टाची परवानगी लागायची. ती घेतलेली नाही, तेव्हा दावा थांबवा, असा आक्षेप आला. अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं (दामजी वालजी शहा विरुद्ध आयुर्विमा महामंडळ, १९६५). न्यायालय म्हणालं, परवानगीची गरज नाही. हे काम फक्त न्यायाधिकरणाचं आहे, आणि खास कायद्यापुढे सर्वसाधारण कायदा मागे सरतो.

वाचायला रुक्ष वाटतं खरं. पण आक्षेप टिकला असता, तर दिवाळं हीच पळवाट झाली असती!

आजोबांना यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही. ते हप्ता भरायचे आणि पावती जपून ठेवायचे. त्यांच्यासारख्यांच्या हप्त्यांचा हिशोब मागणारं कुणीतरी होतं, एवढं मात्र आज कळलं. पॉलिसी पुन्हा घडी घालून ठेवून दिली.