कुणी पाहिलं? उत्क्रांतीचा वाद आणि तारापूरचं युरेनियम

या मालिकेत आपण विज्ञानाच्या इतिहासातले गाजलेले वाद बघतो आहोत. आजचा वाद उत्क्रांतीचा. हा जीवशास्त्राचा तास नाही. आपल्या महाराष्ट्रात हा वाद कसा झाला, कोणत्या मुद्द्यांवर झाला आणि तो अजून का संपलेला नाही, एवढंच आज बघायचं आहे. बोईसर-तारापूरच्या श्रोत्यांसमोर हा विषय मांडायला एक खास कारणही आहे. ते पुढे येईलच.

सुरुवात अगदी अलीकडच्या घटनेपासून करू. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एक वैदिक संमेलन भरलं होतं. केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. कारण काय? तर माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितलेलं नाही, कुठे लिहून ठेवलेलं नाही. तेव्हा शाळा-कॉलेजांत हे शिकवणं बदललं पाहिजे. यावर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त निवेदन काढून आक्षेप नोंदवला. दोन हजारांहून अधिक शास्त्रज्ञ आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. शेवटी खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीच आपल्या सहकाऱ्याला अशी विधानं टाळायला सांगितलं.

सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. खून होताना कोणी पाहिला नाही म्हणून फाईल बंद करा, असं पोलीस खात्यात कोणी म्हणत नाही. पंचनामा होतो, ठसे घेतात, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जुळवतात आणि कोर्ट त्यावर शिक्षाही देतं. तरीही ‘कुणी पाहिलं?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. तो प्रामाणिक प्रश्न आहे, आणि आपल्या घराघरांत विचारला जातो. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

याच वादाची दुसरी बाजू एका वर्षानं दिसली. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. तिथे आंध्र विद्यापीठाच्या तेव्हाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं. म्हणजे एक म्हणतो उत्क्रांती खोटी, दुसरा म्हणतो ती आमच्याकडे आधीच होती. वरवर दोन्ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. ‘हे कळलं कसं?’ हे दोघांनाही विचारायचं नाही.

आता थोडं मागे जाऊ. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वादसभा झाल्या. वाद होता वेद खरे की बायबल. १८५९ मध्ये विष्णुबावांचा ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनला डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाला. विष्णुबावा गेले १८७१ मध्ये, त्याच वर्षी डार्विनचा माणसाच्या उगमावरचा ग्रंथ निघाला. या दोघांची गाठ कधी पडली नाही. पण आपल्याकडे डार्विन पोचला तेव्हा रिंगण आधीच आखलेलं होतं. एका बाजूला त्यांचा ग्रंथ, दुसऱ्या बाजूला आमचा ग्रंथ. त्यामुळे इथे प्रश्न बहुतेक वेळा ‘डार्विन खरा का?’ असा न येता ‘डार्विन कुणाच्या बाजूचा?’ असा आला. बायबलमधल्या निर्मितीकथेला त्यानं धक्का दिला, म्हणजे तो आपल्या बाजूचा, असं पुष्कळांना वाटलं.

या सगळ्यात सर्वांत गंभीर प्रयत्न लोकमान्य टिळकांचा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापून आलं. त्यात टिळकांनी सांख्यांची सृष्टिरचना आणि जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांची उत्क्रांतीची मांडणी शेजारी शेजारी ठेवली आहे. गंमत बघा, ‘उत्क्रांती’ या शब्दालाच त्यांची हरकत होती. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे जीवानं देह सोडून जाणं, मृत्यू. म्हणून गुणविकास, गुणोत्कर्ष किंवा गुणपरिणाम असा शब्द त्यांना जास्त योग्य वाटत होता. मराठीनं त्यांचं ऐकलं नाही आणि मृत्यूचा शब्द जीवसृष्टीच्या वाढीला कायमचा चिकटला.

टिळकांनी साम्य दाखवलं तसा फरकही दाखवला. जडातूनच सर्व काही आलं, चैतन्यसुद्धा, हा हेकेलचा निष्कर्ष त्यांनी स्वीकारला नाही. पटो न पटो, हा वाद घालण्याचा सभ्य मार्ग आहे. समोरच्याचं पुस्तक वाचायचं, कुठे जुळतं ते सांगायचं, कुठे जुळत नाही तेही सांगायचं. पुढे आपल्या सभांमधून यातला पहिलाच भाग उरला.

दशावताराचं उदाहरण घ्या. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणसाकडे. ही तुलना १८७७ मध्ये थिऑसॉफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनीही छापली होती, म्हणजे तीही काही कालची नाही. ऐकायला छान वाटतं. पण अवतारांची रांग हा जिना आहे, एकावर एक पायरी. डार्विनचं चित्र झाडाचं आहे. मासा कासवासाठी जागा करून निघून गेला नाही, तो आजही सातपाटीच्या जाळ्यात येतो. माकड माणूस ‘झालं’ नाही. दोघांचे पूर्वज एक होते आणि फांद्या वेगळ्या झाल्या. शिवाय डार्विननं एक यंत्रणा सांगितली. प्रत्येक पिढीत थोडे फरक असतात, त्यातले काही वारशानं पुढे जातात, आणि परिस्थितीला जुळणाऱ्यांची पिलं जास्त जगतात. हे तर आपल्या डोळ्यांसमोर घडतं. डीडीटीला दाद न देणारे डास, औषधाला न जुमानणारे क्षयाचे जंतू हे याच रीतीनं तयार झाले. दशावतारात अशी यंत्रणा नाही, कारण ती कथा त्यासाठी सांगितलेलीच नाही. धर्माला ग्लानी येते तेव्हा ईश्वर येतो, हे सांगण्यासाठी ती आहे.

आता येऊ तारापूरकडे. डार्विनचा सर्वांत कठीण विरोधक कोणी धर्मगुरू नव्हता, तो होता भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन. उत्क्रांतीला प्रचंड काळ लागतो. डार्विननं पहिल्या आवृत्तीत इंग्लंडमधल्या एका प्रदेशाची झीज मोजून तीस कोटी वर्षांचा आकडा दिला होता. टीका झाल्यावर तो काढून टाकावा लागला. केल्विननं हिशेब मांडला की पृथ्वी तापलेला गोळा होती आणि निवत आली, तर तिचं वय फार नाही. १८९७ पर्यंत त्यानं ते दोन ते चार कोटी वर्षांवर आणलं. डार्विन १८८२ मध्ये गेला तेव्हा या आक्षेपाला उत्तर नव्हतं.

ते उत्तर युरेनियममधून आलं. १८९६ मध्ये बेकेरेलला किरणोत्सर्ग सापडला. युरेनियम ठरलेल्या गतीनं झिजत जातं आणि शेवटी त्याचं शिसं होतं. खडकात युरेनियम किती उरलं आणि शिसं किती साठलं हे मोजलं की खडकाचं वय निघतं. युरेनियमचे दोन प्रकार आहेत. २३८ वजनाचं निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, २३५ वजनाचं निम्मं व्हायला सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच खडकात दोन घड्याळं, दोन वेगांची. दोन्ही एकच वेळ दाखवतात तेव्हा विश्वास बसतो. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसननं उल्कापाषाणातलं शिसं मोजून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. आजही आकडा जवळपास तोच आहे. याच तऱ्हेच्या दुसऱ्या एका घड्याळानं, पोटॅशियम आणि आर्गॉनच्या, आपल्या काळदुर्ग-अशेरीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा निघतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या साध्या पाण्यावर चालतात. त्यांना लागतं २३५ जातीचं युरेनियम, आणि खाणीतल्या युरेनियममध्ये ते असतं फक्त ०.७ टक्के. एवढ्यावर साध्या पाण्याची भट्टी पेटत नाही. म्हणून समृद्ध केलेलं इंधन आणावं लागतं. १९६३ च्या करारानुसार ते अमेरिका देणार होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तिनं हात आखडता घेतला आणि पुढे फ्रान्सकडे जावं लागलं. ते राजकारण इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

पण ते फक्त ०.७ टक्केच का? कारण पृथ्वी म्हातारी आहे. २३५ भराभर झिजतं, म्हणून इतक्या काळानंतर ते थोडंच उरलं आहे. उलटा हिशेब केला तर दोनशे कोटी वर्षांपूर्वी त्याचं प्रमाण तीन टक्क्यांहून जास्त निघतं, म्हणजे तेव्हा खाणीतलं युरेनियम साध्या पाण्यावरही पेटू शकलं असतं. आणि ते पेटलं होतं. १९७२ मध्ये आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथल्या खनिजात २३५ नेहमीपेक्षा कमी भरलं. तपास केला तेव्हा कळलं की दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे भूजलाच्या मदतीनं नैसर्गिक अणुभट्टी चालून गेली होती. तिचा अवशेष खडकात शिल्लक होता. पाहणारा कोणी नव्हता. ठसे होते.

‘कुणी पाहिलं?’ याचं उत्तर असं द्यायचं असतं. भट्टी चालवण्याचं आणि पृथ्वीचं वय काढण्याचं शास्त्र वेगवेगळं नाही. एकावर आपला दिवा लागतो आणि दुसऱ्यावर विश्वास नाही, असं म्हणता येत नाही.

इथे हमखास एक जण उठतो आणि म्हणतो, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. आपल्या ऋषींना पृथ्वीचं वय माहीत होतं. जरा थांबू. ४३२ कोटी ही कल्पाची एकूण लांबी आहे. पूजेच्या संकल्पात आपण श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग असं म्हणतो. त्या हिशेबानं कल्पातली सुमारे १९७ कोटी वर्षं झाली आहेत. म्हणजे परंपरेचा स्वतःचाच हिशेब ४५५ कोटींशी जुळत नाही. कोट्यवधी वर्षांचा काळ कल्पनेत धरण्याचं धाडस आपल्या पूर्वजांकडे होतं, त्याचा अभिमान जरूर असावा. पण तो आकडा युगांच्या गुणाकारातून आला, खडकातून आला नाही.

आता जीवाची सुरुवात. डार्विनच्या सिद्धांतात तिचं उत्तर नाही. जीव एकदा आल्यावर तो कसा बदलला, एवढंच तो सांगतो. निर्जीव पदार्थांतून जीव कसा आला याबद्दल ओपारिन आणि हाल्डेन यांनी १९२० च्या दशकात कल्पना मांडल्या. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९५३ मध्ये मिलरनं साध्या वायूंच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्लं मिळवली. पण अमिनो आम्लं म्हणजे जीव नव्हे. जीव बाहेरून, अंतराळातून आला का, हे तपासायला आपले जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले. २००५ च्या उड्डाणातून तीन नव्या जातींचे जीवाणू मिळाले. म्हणून त्यांनी ‘जीव आकाशातून आला हे सिद्ध झालं’ अशी आरोळी ठोकली नाही. प्रश्न अजून उघडा आहे आणि विज्ञान तो उघडाच ठेवतं.

मग श्रद्धेचं काय? आपल्याच जिल्ह्यात वसईला कॅथलिक समाज आहे. त्यांच्या चर्चनं १९५० मध्ये उत्क्रांतीच्या अभ्यासाला मोकळीक दिली आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती निव्वळ गृहीतक राहिलेली नाही असं मान्य केलं. आत्मा मात्र ईश्वराचाच, हेही सांगितलं. डहाणू-तलासरीच्या वारली घरांत लग्नाला चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणतात. तो चौक युरेनियमच्या घड्याळाशी भांडत नाही. माणसानं कशासाठी जगावं, लेकराबाळांचं, धान्याचं भरभरून व्हावं, हे तो मागतो. भांडण सुरू होतं ते श्रद्धेला पाठ्यपुस्तकात पुरावा म्हणून बसवलं की.

म्हणून शेवटी पाठ्यपुस्तकच. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातून उत्क्रांती वगळली गेली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोध केला. भार कमी केला, बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहेच, असं उत्तर आलं. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेतात किती जण? आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. आता आपल्या गावाकडे बघा. अणुऊर्जा वसाहतीतल्या केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत आणि डोंगराकडच्या आश्रमशाळेत एकाच वयाची मुलं बसतात. ज्याचे वडील रोज भट्टीवर कामाला जातात त्याच्या दहावीच्या पुस्तकातून हा भाग गेला, आणि आश्रमशाळेतल्या मुलीच्या पुस्तकात तो पहिल्या पानांवर आहे.

तिच्या पुस्तकात आहे म्हणून तिला तो समजेलच असं नाही. ‘परीक्षेत येतं, पाठ कर’ असं सांगितलं तर तोही एक मंत्रच होईल. शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे, की त्या धड्याच्या आधी वर्गाला हाच प्रश्न विचारू द्या, कुणी पाहिलं? मग काळदुर्गाचा एक दगड टेबलावर ठेवा आणि पुढचा प्रश्न त्यांनाच काढू द्या, मग कळलं कसं?

आता तुमचे प्रश्न घेऊ.