मूकपट, बोलपट आणि आहाराचा धडा

ज्या काळी चित्रपटास वाचा नव्हती, त्या काळी बहिऱ्या आणि ऐकत्या मुलांमध्ये पडद्याने कसलाही पंक्तिप्रपंच केला नाही. दादासाहेब फाळके यांनी काड्यापेटीतील काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ हा चलच्चित्रपट सिद्ध केला, तेव्हा ती मौज लुटण्यास केवळ डोळे पुरेसे होते. अमेरिकेत 1927 साली बोलपट अवतरला आणि आपल्याकडे 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा बोलपट झळकला, तेव्हा हा समभाव संपुष्टात आला.

तथापि बोलपटाच्या त्याच युगात मुलांना आहार शिकविणारा एक गुरू असा निघाला, की ज्याचे पुटपुटणे ऐकणाऱ्यांनाही धड उमगत नसे. 1929 साली वृत्तपत्रीय चित्रमालिकेत जन्मलेला आणि 1933 पासून फ्लायशर बंधूंच्या चित्रशाळेत हालूचालू लागलेला पॉपाय खलाशी पालकाचा डबा फोडतो, पाला घशाखाली उतरतो, दंड फुगतो आणि प्रतिस्पर्धी भुईसपाट होतो, ही सारी कार्यकारणपरंपरा नेत्रगम्य होती. कोणतीही भाजी क्षणार्धात बळ देत नाही, म्हणून पोषणशास्त्राच्या कसोटीवर हा धडा लबाडीचाच म्हणावा लागेल. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने तो पुढच्या सरकारी बोधपटांहून सरस होता, असे माझे मत आहे.

हे बोधपट म्हणजे, महायुद्धाच्या धामधुमीत लॅटिन अमेरिकेशी स्नेह जोडण्यासाठी नेल्सन रॉकफेलर यांच्या अखत्यारीत उघडलेल्या खात्याने वॉल्ट डिस्नी यांच्याकडून करवून घेतलेली आरोग्यमाला होय. तीत हिवताप, अंकुशकृमी, क्षय यांच्याबरोबरच 1946 साली समतोल आहाराच्या आखणीवरही एक चित्र निघाले. उपदेशाचा भार निवेदकावर सोपविल्याने आवाज बदलताच तेच चित्र स्पॅनिश वा पोर्तुगीज बोलू शके. तजवीज चोख खरी. मात्र बहिऱ्या बालकास ओठ वाचण्याचीही सोय तीत उरली नाही, आणि पडद्यावरचे मूल अशक्त का झाले, याचा उलगडा बव्हंशी आवाजाच्या हवाली गेला.

शिक्षकाने हाताच्या खुणांनी ही उणीव भरून काढावी, तर बहिऱ्यांच्या शिक्षणाविषयी 1880 साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने मौखिक पद्धतीचा पुरस्कार केल्यापासून युरोप-अमेरिकेतील बहुतेक शाळांत खुणांच्या भाषेस जणू मज्जाव झालेला. उपाय काढला तो एमर्सन रोमेरो या क्यूबात जन्मलेल्या बहिऱ्या नटाने: मूकपटांत कामे केलेल्या या गृहस्थाने 1947 च्या सुमारास बोलपटांच्या फिती कापून दृश्यांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या जोडण्यास आरंभ केला. पुढे 1958 साली अमेरिकन सरकारने कायदा करून बहिऱ्यांसाठी मजकूरयुक्त चित्रपट पुरविण्याची तरतूद केली. पण पाट्या वाचण्यास अक्षरओळख हवी, आणि खाण्याच्या सवयी तर पाटी-पेन्सिल हाती येण्यापूर्वीच जडलेल्या असतात.

आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनने 1956 मध्ये व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग उघडला. भारतीय सांकेतिक भाषेतून शालेय पाठ चित्रित करण्याचा करार मात्र 2020 साली झाला. पडद्याच्या कोपऱ्यात दुभाषी उभा केला की भागले, अशी समजूत आजही दिसते. ऐकते मूल निवेदन कानी घेत घेत गाजर पाहते. बहिऱ्या मुलाला मात्र आधी हात आणि मग गाजर, अशी दृष्टी फिरवावी लागते, आणि तेवढ्यात चित्र पुढे सरकून गेले तर दुभाषी असूनही धडा निम्माच त्याच्या पदरी पडतो.