चार भिंतींतली आगगाडी

दिवाळीत आपल्याकडे मुलं अंगणात किल्ला करतात. दगडविटांचा ढीग रचायचा, त्यावर जुनं पोतं घालायचं, चिखलाचा लेप द्यायचा, हळीव पेरून रान उगवायचं आणि मग बाजारातून आणलेली मातीची चित्रं मांडायची. सिंहासनावर बसलेले महाराज किल्ल्याच्या दरवाज्याहून उंच असतात. विहिरीवरची गवळण बुरुजापेक्षा थोर असते. पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. चार दिवस कौतुक होतं, मग किल्ला मोडतो, माती परत बागेत जाते. मागे राहतो तो कुणी हौशी काकांनी काढलेला एखादा फोटो.

आज मला आपल्याला सांगायची आहे ती गोष्ट अशाच एका घरगुती खेळाची. फरक इतकाच, की हा खेळ खेळणारा माणूस मोठा होता, खेळ चार दिवसांचा नव्हता, चांगला पंचवीस वर्षांहून अधिक चालला. आणि त्या खेळात दरवाजा, माणूस, झाड, इंजिन यांची मापं एकमेकांशी काटेकोर जुळलेली होती. खेळ होता आगगाडीचा.

खेळण्यातली आगगाडी तशी जुनी. पण सुरुवातीला ती एकेक सुटी मिळे. इंजिन एका मापाचं, रूळ दुसऱ्या मापाचे, असाही प्रकार असे. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लायपझिगच्या जत्रेत किल्लीची गाडी आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वळणारा रूळमार्ग मांडला. महत्त्वाची गोष्ट ही, की रुळांची मापं तिने ठरवून दिली. आज इंजिन घ्या, पुढच्या वाढदिवसाला डबा घ्या, त्याच्या पुढच्याला सांधा घ्या. सगळं एकमेकांना जुळणार! इथून खेळण्याचा संसार वाढायला लागला.

मग मापं लहान होत गेली. त्याचं कारण घर. पत्र्याच्या मोठ्या गाडीला वळायलाच अर्धी खोली लागे. १९३० नंतरच्या काळात एक लहान माप लोकप्रिय झालं, त्याला ‘एचओ’ म्हणतात. ‘ओ’ या आधीच्या मापाचा हा निम्मा भाग. यात खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा हिस्सा. साडेपाच फुटांचा स्टेशनमास्तर या मापात १९ मिलिमीटरचा होतो, करंगळीच्या एका पेराएवढा.

मापाचा हा हिशेब ऐकायला सोपा वाटतो, पण करायला बसलं की घाम फुटतो. १६ एप्रिल १८५३ रोजी आपली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. हा रस्ता सुमारे ३४ किलोमीटरचा. एचओच्या मापात तो जवळजवळ ३९० मीटर भरेल. कुठल्या घरात मावणार? तेव्हा घरात रेल्वे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून निवड करावी लागते. कोणतं स्टेशन घ्यायचं, कोणतं गाळायचं, मैलाचा घाट चार हातांत कसा बसवायचा! आणि इतकं आखडूनही पाहणाऱ्याला ‘हा घाटच’ असं वाटलं पाहिजे.

ही निवड ज्याला फार चांगली साधली असा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. जॉन ॲलन त्याचं नाव. जन्म १९१३चा. राहायला कॅलिफोर्नियात, माँटेरे या समुद्रकाठच्या गावी. आणि व्यवसाय? फोटोग्राफरचा. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

१९४६च्या सुमारास त्याने घरी पहिली रेल्वे मांडली. ती एखाद्या पलंगावर मावेल एवढीच होती. तिचं नाव ‘गॉरी अँड डॅफेटिड’. हे नाव गावांचं वाटतं खरं, पण भरभर म्हणून पाहिलं तर इंग्रजीत त्याचा ध्वनी ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा होतो! स्वतःवर हसायची ही जात. पुढे १९५३च्या सुमारास तो मोठ्या घरात गेला आणि तिथल्या तळघरात त्याने याच नावाची मोठी रेल्वे उभारायला घेतली. पहिली लहान मांडणी त्याने मोडली नाही, ती या मोठ्या मांडणीत सामावून घेतली. बाकीच्यांच्या गाड्या टेबलावर धावत. याचे डोंगर जमिनीपासून निघत आणि छताला भिडत. पाहणारा माणूस दरीच्या तळाशी उभा, आणि त्याच्या डोक्याच्या उंचीवरून पुलावरची गाडी चाललेली.

डोंगर म्हणजे काय, तर तारेच्या जाळीवर प्लास्टरचे थर आणि त्यावर रंगाचा हात. पण ॲलनची खरी खुबी वेगळी होती. त्याच्या आधीचे हौशी लोक आपल्या गाड्या चकचकीत ठेवत. ॲलनने त्या जुन्या दिसाव्यात म्हणून खटपट केली. इंजिनावर काजळी, वाघिणींवर गंज, गोदामाच्या भिंतीची एखादी फळी निखळलेली, छपरावर पाऊसपाण्याचे ओघळ. आपल्याकडच्या कुठल्याही लोकोशेडमध्ये उभं राहिलेल्याला हे नवीन नाही. इंजिन कधी नव्या नवरीसारखं दिसतं का? पण ही गोष्ट छोट्या गाडीत आणावी हे सुचणारे थोडे, आणि या कामात ॲलन अग्रणी होता. गंमतीचं अंगही त्याला होतं. यार्डात डबे इकडून तिकडे करायला त्याने एका इंजिनाऐवजी एक छोटा डायनोसॉर जुंपला होता! एमा तिचं नाव. क्रमांक तेरा.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. वाटतं असं, की आधी रेल्वे बांधून झाली आणि मग आठवणीसाठी तिचे फोटो काढले. ॲलनच्या बाबतीत बांधणी आणि फोटो या दोन गोष्टी हातात हात घालून चालल्या. कॅमेरा हा फार निर्दय परीक्षक आहे. डोळा माफ करतो, भिंग करत नाही. एक मिलिमीटरचा धुळीचा कण घ्या. एचओच्या मापात तो जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटरचा धोंडा होतो, आणि फोटोत तो रुळावर धोंडा म्हणूनच दिसतो. डोक्याचा एक केस पडला तर स्टेशनच्या फलाटावर दोरी पडल्यासारखी दिसते. तेव्हा एक फोटो काढायचा, चुका पाहायच्या, त्या दुरुस्त करायच्या, पुन्हा फोटो काढायचा. बारकाव्यांचं वेड लागतं ते असं.

दुसरी अडचण भिंगाची. खऱ्या स्टेशनावर आपण इंजिनापासून २६ मीटरवर उभे राहून फोटो घेतला, तर इंजिनही स्वच्छ येतं आणि मागचा डोंगरही. छोट्या गाडीत हेच अंतर ३० सेंटिमीटर होतं. इतक्या जवळून भिंग एका वेळी थोडंच नीट पाहू शकतं. इंजिनाचं तोंड स्वच्छ आलं तर शेवटचा डबा धुरकट. आणि असं धुरकट चित्र पाहिलं की मन लगेच म्हणतं, हे खेळणं आहे! याला उपाय एकच. भिंगामागचं छिद्र अगदी बारीक करायचं. बारीक छिद्रातून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी रेखीव येतं. पण छिद्र बारीक झालं की उजेड आत जाईना. मग फोटोला क्षणाऐवजी कितीतरी सेकंद, कधी मिनिटंही द्यावी लागतात. तोवर खोलीत कुणी पाऊल आपटायचं नाही. आणि छिद्र फारच बारीक केलं तर उजेडच फाकतो, चित्र पुन्हा मऊ पडतं. मधलं माप सापडेपर्यंत फिल्मवर फिल्म खर्ची पडते. आजकाल वेगवेगळ्या अंतरावर नेम धरून दहावीस फोटो घेतात आणि संगणक त्यांचं एक रेखीव चित्र जुळवून देतो. ॲलनजवळ होतं ते बारीक छिद्र, आणि धीर.

तिसरी गोष्ट उजेडाची. आकाशात सूर्य एक. तेव्हा सावलीही एकच पडली पाहिजे. दोन दिवे लावले की खांबाला दोन सावल्या फुटतात आणि सोंग उघडं पडतं. भिंतीवर निळं आकाश रंगवलेलं असतं, त्यावर डोंगराची सावली पडली की संपलंच. आकाशावर कधी डोंगराची सावली पडते का? मांडणी जिथे संपते तिथे ॲलन आरसे लावी, म्हणजे रस्ता पुढे गेल्यासारखा दिसे. आणि कॅमेरा ठेवायचा तो माणसाच्या नव्हे, स्टेशनमास्तरच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे फलाटापासून दोनेक सेंटिमीटरवर. वरून पाहिलं की खेळणं दिसतं, फलाटावरून पाहिलं की रेल्वे दिसते.

हे फोटो ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकात येऊ लागले. व्हार्नी या छोट्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींतही ते झळकले. माँटेरेचं तळघर कधी पाहणं शक्य नव्हतं अशा हजारो लोकांना ते पुल, त्या दऱ्या, ते काजळलेलं इंजिनघर तोंडपाठ झालं.

६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन हृदयविकाराने वारला. वय साठीच्या आतच. आणि त्यानंतर जेमतेम दहा दिवसांनी त्या घरात आग लागली. वीस वर्षांची मांडणी, तिच्या पोटातली पहिली पलंगाएवढी रेल्वे, डोंगर, पूल, गावं. बहुतेक सगळं जळून गेलं.

श्रोतेहो, इथे थोडं थांबून विचार करावासा वाटतो. एका माणसाने हाताने केलेल्या कामाचं आयुष्य किती? दुसऱ्या एका जॉनचं उदाहरण पाहा. लंडनच्या जॉन अहर्नने आपल्या घरात ‘मॅडर व्हॅली’ नावाची छोटी रेल्वे केली. झाडांत लपलेली खेडी, दुकानं, बंदर, यांच्यामधून ती जाई. अहर्न १९६१ मध्ये गेला. त्याची मांडणी ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयाने सांभाळली. एकाचं काम राहिलं, एकाचं राख झालं. यात ज्याचं त्याचं कर्तृत्व काही नाही, योगायोगच म्हणायचा. पण ॲलनची रेल्वे पुरती गेली असं म्हणवत नाही. जगभर हा छंद करणारी माणसं आजही तिचे फोटो समोर ठेवून डोंगर रंगवायला, भिंती जुन्या करायला शिकतात. ज्या फोटोंनी तिच्या चुका दाखवल्या होत्या, त्यांनीच तिला मागे ठेवलं.

हा छंद आपल्याकडेही आहे. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या आयुष्यभराच्या हौसेतून छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं आणि १९९८ मध्ये ते लोकांना खुलं झालं. आपल्या माणसाला मात्र एक जादा अडचण असते. आपला मोठा रूळमार्ग साडेपाच फुटी, परदेशी बहुतेक ठिकाणचा चार फूट साडेआठ इंची. बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, ते त्यांच्या मापाचे. आपल्या मापाला सव्वाएकोणीस लागतात. म्हणजे एकतर रूळ स्वतः करा, नाहीतर आपलं इंजिन अरुंद रुळांवर चालवून घ्या.

आणि समजा, कुणाला आपला जुना बोरघाटच करायचा आहे. १८६३ मध्ये हा घाटमार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीला थांबून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेने चढावं लागे. ते उलटायचं ठिकाण १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे बंद झालं. आता ते करायचं तर पाहायचं कुठे? जुन्या फोटोंत. म्हणजे खरी रेल्वे फोटोत उरते, त्या फोटोवरून कुणी छोटी रेल्वे करतो, आणि त्या छोट्या रेल्वेचा पुन्हा फोटो घेतो. कामं मोडतात, जळतात, बंद पडतात. पाहून घेणारा आणि टिपून ठेवणारा कुणी असला, की पुढच्याला सुरुवात करायला जागा मिळते.

तेव्हा यंदा दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याचा फोटो काढाल, तर एवढं करा. उभं राहून वरून काढू नका. जमिनीवर पालथे पडा, कॅमेरा मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, आणि सूर्य एकाच बाजूला घ्या. मुलं हसतील. पण फोटो पाहिल्यावर तीच पुढच्या वर्षी दरवाजा थोडा उंच करतील.