‘पहिली मंगळागौर’ : हलकीफुलकी प्रेमकथा आणि एका पोरक्या घराचा आधार

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये प्रदर्शित झालेला ‘पहिली मंगळागौर’ हा मराठी चित्रपट हलक्याफुलक्या प्रेमकथेच्या परंपरेतील होता. नवयुग चित्रपट संस्थेच्या या निर्मितीत स्नेहप्रभा प्रधान आणि शाहू मोडक प्रमुख भूमिकांत होते. दिग्दर्शनाचे श्रेय आर. एस. जुन्नरकर यांच्याकडे आहे. मात्र या चित्रपटाचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः त्यातील एका छोट्या भूमिकेमुळे.

मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निधन झाले. पाच भावंडांत थोरल्या असलेल्या लता तेव्हा अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. कुटुंबाचे स्नेही मास्टर विनायक यांनी त्यांना चित्रपटसृष्टीत काम मिळवून दिले. ‘पहिली मंगळागौर’मध्ये त्यांनी नायिकेच्या धाकट्या बहिणीची भूमिका केली आणि दादा चांदेकर यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली गाणेही म्हटले.

याआधी वसंत जोगळेकर यांच्या ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकर यांच्या संगीतात लताबाईंचे गाणे ध्वनिमुद्रित झाले होते. परंतु अंतिम चित्रपटात ते घेतले गेले नाही. त्यामुळे ‘पहिली मंगळागौर’मधील गाण्याला वेगळे महत्त्व आहे.

पडद्यावरील खेळकरपणाशी त्यांच्या अनुभवाचा मेळ नव्हता. चेहऱ्याला रंग लावणे आणि प्रखर दिव्यांसमोर उभे राहणे आपल्याला कधीच रुचले नाही, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. भूमिकेसाठी भुवया कोरल्या गेल्या, तेव्हा त्या रडत घरी परतल्या होत्या. तरीही घर चालवण्यासाठी काम सोडणे शक्य नव्हते.

युद्धामुळे परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मचा तुटवडा निर्माण झाला होता. सरकारने चित्रपटांच्या लांबीवर ११,००० फुटांची, म्हणजे सुमारे दोन तासांची मर्यादा घातली होती.

पुढे मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये लताबाईंनी ‘माझं बाळ’ (१९४३), ‘गजाभाऊ’ (१९४४) आदी चित्रपटांत कामे केली. संस्थेबरोबर १९४५ मध्ये त्या मुंबईला आल्या. १९ ऑगस्ट १९४७ रोजी मास्टर विनायक यांचे निधन झाले. त्यानंतर लताबाईंनी अभिनयाकडे पाठ फिरवून पार्श्वगायन हेच आपले क्षेत्र मानले.